आमच्या वाट्याची आठ मिनिटं

ते पाकीट पिझ्झाची कुपनं आणि पन्हळी साफ करून देणाऱ्यांच्या जाहिराती यांच्या मध्ये आलं होतं. मी ते जवळजवळ फेकलंच होतं. कोपऱ्यात वकिलाच्या ऑफिसचं नाव दिसलं आणि पोटात गोळा आला. अमेरिकेत वकिलाचं पत्र म्हटलं की मला आधी व्हिसा आठवतो, नागरिकत्व मिळून पाच वर्षं झाली तरी.

व्हिसाचं नव्हतं. आमच्या घरामागे साडेचार एकरांचा तुकडा आहे. त्यावर एक जुनं विटांचं घर, बाकी सगळे पाइन आणि ओक. घरातल्या आजी गेल्या आणि वारसांनी जमीन विकायला काढली. पत्रात लिहिलं होतं की या जागेचं रिझोनिंग करून, म्हणजे तिथे काय बांधता येईल याचा नियम बदलून, मागणार आहोत, आर-4 वरून आरएक्स-3-सीयू, आणि त्याआधी शेजाऱ्यांची बैठक आहे, या. अक्षरांचा अर्थ कळायला अर्धी संध्याकाळ गेली. आर-4 म्हणजे एकरी चार घरांच्या हिशोबाची वस्ती. आरएक्स-3 म्हणजे तीन मजल्यांपर्यंत अपार्टमेंट. आणि सीयू म्हणजे कंडिशनल यूज, अटींसह. या शेवटच्या दोन अक्षरांकडे मी तेव्हा बघितलंही नाही. पुढचं वर्षभर मी त्यांच्यातच अडकणार होते.

आमचं गाव म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाची राजधानी. मराठीत लिहिताना रॅले, बोलताना रॉली. आम्ही 2009 मध्ये आलो तेव्हा पुढच्या वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या 4 लाख 3 हजार 892 निघाली, 2020 मध्ये 4 लाख 67 हजार 665. आणि 1960 मध्ये हेच गाव 94 हजारांच्या आतलं होतं. 1959 मध्ये शेजारी रिसर्च ट्रँगल पार्क ही संशोधन कंपन्यांची वसाहत निघाली, 1965 मध्ये आयबीएम आली आणि या भागाची तंबाखूची ओळख हळूहळू मागे पडली. या वाढीतला एक दाणा मीही आहे. आमचं घर 2014 मध्ये बांधलेलं, आणि त्याआधी तिथेही पाइनच होते. हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाडं दिसतात आणि ती जाणार.

नवरा म्हणाला, "शेजारच्या कॅरी गावातल्या बालाजी मंदिराचं 87 फुटी गोपुर परवा उघडलं तेव्हा फोटो काढायला सगळ्यांत पुढे तू. इथे तीन मजले खुपतात होय?"

मी त्याच्याशी रात्रभर बोलले नाही.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. कोथरूडची आमची सोसायटी तेव्हा रीडेव्हलपमेंटच्या गोंधळात होती, त्यामुळे त्यांचे प्रश्न तयार होते. "कॉर्पस किती देतोय? भाडं किती महिन्यांचं?" बाबा, तो आपलं घर पाडत नाहीये, मागचं पाडतोय. "मग तुला मतदान का देतात?" मतदान नाही, नुसतं बोलायला देतात. बाबा गप्प झाले. नंतर म्हणाले, "फुकट बोलायला बोलावतात म्हणजे काहीतरी हेतू असणार."

पहिली बैठक वाचनालयाच्या खोलीत होती. नियमाप्रमाणे जागेपासून 500 फुटांच्या आतल्या सगळ्यांना पत्र जातं. समोरच्या रांगेतलं एक घर त्या वर्तुळाबाहेर राहिलं होतं. ते जोडपं न बोलावता आलं आणि सगळ्यांत जास्त वेळ तेच बोललं. चाळीसेक माणसं, एका टेबलावर सहीचा कागद, भिंतीला टेकवलेली चित्रं. चित्रातल्या बाल्कन्यांमध्ये कुंड्या होत्या आणि रस्त्यावर एकही गाडी नव्हती. डेव्हलपरच्या वकीलबाई फार गोड बोलल्या. आम्ही ऐकायला आलोय, म्हणाल्या, आणि खरंच लिहून घेत होत्या. नंतर कळलं की बैठकीचा वृत्तांत अर्जाला जोडावाच लागतो.

लोक काय बोलले ते कुठल्याही गावात बोलले असते. ट्रॅफिक. शाळा आधीच भरल्यात. घरांच्या किमती. मागच्या ओढ्याला पूर. मग एक गृहस्थ उठून म्हणाले की भाडेकरूंना परिसराची आस्था नसते. खोलीतल्या काही माना हलल्या. माझीही हलली असावी. मी स्वतः या देशात सात वर्षं भाड्याने राहिले आहे.

घरी येऊन मी सात मुद्द्यांचं पत्र लिहिलं आणि महापालिकेच्या प्लॅनिंग विभागात फोन लावला. मुख्यतः भांडायला. ज्या तरुण प्लॅनरने तो उचलला त्याने मला जवळपास अर्धा तास दिला. पुढच्या वर्षभरात मी जे शिकले त्यातलं बहुतेक त्या अर्ध्या तासातलं आहे.

माझ्या मनात निवड अशी होती: जंगल की अपार्टमेंट. त्याने विचारलं, रिझोनिंग नाही झालं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं? आर-4 मध्येही तिथे डझनभर मोठी घरं उभी राहू शकतात, त्यासाठी शहराच्या निवडून आलेल्या कौन्सिलपुढे जावंही लागत नाही. शिवाय 2021 मध्ये नियम बदलून शहराने बहुतेक निवासी भागांत दुहेरी घरांनाही परवानगी दिली आहे. झाडांचा नियम दोन एकरांपुढच्या जागांना लागतो आणि आर-4 असो वा आरएक्स, साधारण 10 टक्के जागाच झाडांसाठी राखावी लागते. म्हणजे माझ्या खिडकीतलं जंगल हा पर्याय कुणाच्याच कागदावर नव्हता. ते फक्त आजी जिवंत होत्या तोवर होतं.

मग त्याने माझे सात मुद्दे एकेक करून खाली ठेवले. शाळा: वेक काउंटीची शाळाव्यवस्था वेगळी, तिचं निवडून आलेलं बोर्ड वेगळं, शाळा बांधायचा पैसा काउंटीकडून, शहराचं कौन्सिल नवीन वर्ग बांधू शकत नाही. भाडेकरू की मालक: झोनिंग जमिनीच्या वापराचं असतं, राहणाऱ्याच्या मालकीचं नाही, ते विचारातच घेता येत नाही. भाडी आवाक्यात ठेवा: राज्याने 1987 पासून शहरांना भाडेनियंत्रणाची मनाई केली आहे. स्वस्त घरांची सक्ती शहर करत नाही, डेव्हलपरने आपणहून देऊ केली तर घेतं. हमरस्ता ओलांडायला सिग्नल: इथले बहुतेक मोठे रस्ते शहराचे नाहीत, राज्याच्या वाहतूक खात्याचे आहेत. तिथे वेगळा अर्ज.

"मग माझ्या हातात उरलं काय?" मी विचारलं.

त्याने सांगितलं ते मी फ्रिजवर चिकटवलं होतं. सीयू म्हणजे अटी. अटी शहर लादत नाही, जमीनमालक आपणहून देतो आणि त्याखाली सही करतो. पुढे जमीन कुणालाही विकली तरी अटी जमिनीला चिकटून राहतात. आणि अट अशी हवी की तीन वर्षांनी ज्याने आपल्याला कधी बघितलेलं नाही असा इन्स्पेक्टर टेप घेऊन आला, तर पाळली की नाही हे त्याला मोजून सांगता आलं पाहिजे. 'परिसराला साजेशी इमारत' ही अट नाही. 'पूर्वेच्या हद्दीपासून 50 फूट आत' ही अट आहे.

मी ऑफिसात सॉफ्टवेअरची टेस्टिंग करते. ही भाषा मला कळत होती. माझं सगळं दुःख टेपने मोजता येईल अशा वाक्यात घालायचं होतं, एवढंच.

तीन घरं सोडून एक म्हातारे शेजारी राहतात, या गावात पन्नास वर्षं. त्यांच्या ओट्यावर बसून मी हे सांगितलं तर ते हसले. पूर्वी दात होते, म्हणाले. 2015 पर्यंत या राज्यात प्रोटेस्ट पिटिशन होती. लगतच्या पुरेशा जमीनमालकांनी सह्या केल्या की साधं बहुमत चालत नसे, तीन चतुर्थांश मतं लागत. आठ जणांच्या कौन्सिलमध्ये सहा. राज्याच्या विधिमंडळाने ते काढून टाकलं. शिवाय नागरिकांच्या सल्लागार समित्या होत्या, 1970 च्या दशकापासूनच्या. रिझोनिंग आधी तिथे जाई, लोक हात वर करून मत देत. फेब्रुवारी 2020 मध्ये कौन्सिलने त्याही बंद केल्या. त्या समित्यांमध्ये कोण येत असे, मी विचारलं. ते प्रामाणिक माणूस आहेत. "माझ्यासारखे," म्हणाले. "ज्यांना संध्याकाळी सातला वेळ असतो ते."

याच सुमारास साताऱ्याकडचा एक मुलगा घरी जेवायला आला. बायको, सहा महिन्यांचं बाळ, भाड्याचा दोन खोल्यांचा अपार्टमेंट, आणि भाडं दर नूतनीकरणाला वाढणारं. मी उत्साहाने माझी लढाई सांगितली. तो भात कालवत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, रागावू नका. पण तुमच्या मागे ते झालं असतं ना, तर आम्ही तिथेच राहायला आलो असतो." पुढे मी श्रीखंड वाढलं. दुसरं काय करणार?

हिवाळ्यात मी रोज सकाळी त्या तुकड्याच्या कडेने चालायला लागले. आधी कधीच इतकं नीट बघितलं नव्हतं. हमरस्त्यावर बसथांबा आहे, म्हणजे एक खांब आणि त्यावर पाटी. फूटपाथ नाही. हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतली एक बाई गवतातून, चिखलातून चालत येऊन तिथे उभी राहायची. तेव्हा शहरात बस फुकट होती, 2020 च्या मार्चपासून 2024 च्या जूनपर्यंत कुणाकडून तिकीट घेतलं नाही. फुकट बस, पण बसायला जागा नाही. एकदा गाडी थांबवून मी विचारलं, सोडू का? नाही म्हणाली. रोज कोण सोडणार, म्हणाली. तिच्या घरापासून थांब्यापर्यंत जवळची वाट त्या साडेचार एकरांमधूनच जात होती, आणि तिथे कुंपण होतं.

मला माझी अट सापडली होती. दोन सापडल्या होत्या.

दुसऱ्या बैठकीला वर्तुळ 1000 फुटांचं होतं आणि खोली अपुरी पडली. वकीलबाईंनी अटींचा कागद वाटला. घरांची कमाल संख्या 96 वरून 84. दिव्यांची उंची. आमच्या बाजूला झाडांची पट्टी. आणि पाणी. नियमात सांगितलेल्यापेक्षा मोठा, म्हणजे 25 वर्षांच्या पावसाचा लोंढा जागेवरच अडवायचा. यावर अर्धा तास वाद झाला, कारण अनेकांना वाटलं की 25 वर्षांचा पाऊस म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा. त्यांच्या इंजिनिअरने समजावलं की दर वर्षी 4 टक्के शक्यता असलेला. यंदा आला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला असं होऊ शकतं. म्हाताऱ्या शेजाऱ्यांना हे समजावावं लागलं नाही. 1996 मध्ये फ्रॅन वादळात आमचा ओढा ज्या क्रॅबट्री क्रीकला मिळतो तो फुगला होता, ते त्यांनी बघितलेलं होतं.

मी उठून माझी दोन वाक्यं वाचली. एक: मागच्या गल्लीपासून हमरस्त्यापर्यंत पक्की पायवाट, सगळ्यांना खुली, निदान सहा फूट रुंद. दोन: बसथांब्यासाठी रस्त्यालगत जागा. प्लॅनरने मला सांगून ठेवलं होतं की इथल्या अटींमध्ये अशा जागेचं एक ठरलेलं माप असतं, 15 फूट बाय 20 फूट. मी ते माप म्हटल्याबरोबर वकीलबाईंनी पेन थांबवून वर बघितलं. त्या वर्षभरातला माझा सगळ्यांत आनंदाचा क्षण तो, आणि तो किती पोरकट आहे हे मला कळतं.

मागून कुणीतरी म्हणालं, पायवाट कशाला, उद्या कोणीही आत येईल. आमच्याच कुंपणापलीकडचा शेजारी. दहा वर्षं आम्ही एकमेकांच्या कुत्र्यांना ओळखतो.

प्लॅनिंग कमिशनबद्दल थोडक्यातच सांगते, कारण ते तितकंच कंटाळवाणं होतं. मंगळवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे रजा काढून. कमिशन फक्त शिफारस करतं, निर्णय कौन्सिलचा. आमचं प्रकरण दोनदा पुढे ढकललं गेलं, दोन्ही वेळा मी तिथे पोचल्यावर. बराच वेळ चर्चा एकाच गोष्टीची होती: शहराच्या भावी जमीनवापराच्या नकाशात तो तुकडा कुठल्या रंगात आहे आणि मागणी त्या रंगाशी जुळते का. जुळते की नाही हे मत देताना लेखी नोंदवावं लागतं, तसा राज्याचा कायदा आहे. तिसऱ्या खेपेला एका सदस्याने विचारलं, परवडणाऱ्या घरांचं काय? कुजबुज झाली, आणि पुढच्या कागदात अट आली: दहा टक्के घरं, भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांसाठी, ठरावीक वर्षं. आठ-नऊ घरं. त्या हिशोबात साताऱ्याचा मुलगा बसत नव्हता, जास्त कमावत होता. निळ्या कपड्यांची बाई बहुधा बसली असती.

माझ्या दोन्ही अटीही त्या कागदात होत्या. क्रमांक 9 आणि 11. पायवाट सहाऐवजी पाच फुटांची झाली होती, का ते मी विचारलं नाही.

मग कौन्सिलची सुनावणी. हारगेट स्ट्रीटवरच्या महापालिका इमारतीत, संध्याकाळी. नियम असा की बाजूने बोलणाऱ्यांना मिळून आठ मिनिटं, विरोधात बोलणाऱ्यांना मिळून आठ मिनिटं. एका माणसाला नव्हे, पूर्ण बाजूला. आमच्या लोकांनी आदल्या रविवारी तालीम ठेवली होती. पाच वक्ते, स्टॉपवॉच, कोण काय बोलणार याची वाटणी. ट्रॅफिक दोन मिनिटं, पूर दीड, झाडं एक. मला सांगितलं, तू छान बोलतेस, पायवाटेचं नको, झाडांचं बोल.

तिथे माझी पंचाईत झाली. विरोध म्हणावा तर माझ्या दोन अटी त्या कागदात होत्या, आणि रिझोनिंग पडलं तर त्याही पडणार. पाठिंबा म्हणावा तर झाडं जाणार याचं मला वाईट वाटतच होतं. अजून वाटतं. पण घड्याळं दोनच होती. 'वाईट वाटतं पण हो' असं म्हणणाऱ्यांसाठी तिसरं घड्याळ नव्हतं. मी गाडीत बसून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तू कुठल्याही बाजूने बोल, फक्त रडू नकोस.

मी वकीलबाईंकडे गेले आणि त्यांच्या आठातलं एक मिनिट मागितलं. त्यांनी सव्वा दिलं.

सव्वा मिनिटात काय बोलता येतं? मी म्हणाले की मी मागे राहते, माझ्या खिडकीतून ही झाडं दिसतात. अट क्रमांक 9 आणि 11 तशाच ठेवा, आणि पुन्हा सहा फूट करता आले तर करा. बसची वाट बघणाऱ्या बाईबद्दल बोलायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी ते तिला वापरल्यासारखं वाटलं, म्हणून गाळलं. लाल दिवा लागायच्या आत बसले. विरोधी बाजूच्या पाच जणांनी त्यांची मिनिटं अगदी मापात वापरली, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा चांगली. म्हातारे शेजारी वीस सेकंद बोलले. ओढा कुठपर्यंत चढला होता ते हाताने दाखवलं आणि खाली बसले.

कौन्सिलने त्या रात्री निर्णय राखून ठेवला, दोन आठवड्यांनी बहुमताने मंजूर केलं. 2022 च्या नोव्हेंबरात पत्र आलं होतं, मंजुरी आली 2023 च्या डिसेंबरात. त्याच नोव्हेंबरात निवडणूकही झाली होती, आणि आपल्या भागाचा कौन्सिलर कोण हे मला तेव्हा शोधावं लागलं होतं. आता आठही जणांचे आवाज मी डोळे मिटून ओळखते.

मला वाटलं संपलं. पण रिझोनिंग म्हणजे नुसती परवानगीची परवानगी. त्यानंतर साइट प्लॅन, म्हणजे बांधकामाचा प्रत्यक्ष आराखडा, आणि ते महापालिकेचे अधिकारी नियमांशी ताडून बघतात, तिथे सुनावणी नसते, आठ मिनिटंही नसतात. पुढे वर्षभर काहीच झालं नाही. व्याजदर चढले होते, बांधकामाला कर्ज महाग होतं. जागेवर रिझोनिंगची पाटी तशीच झुकलेली. आजींच्या घराच्या ओसरीवर मांजरांनी संसार मांडला. कुंपणापलीकडचा शेजारी हात करायचा थांबला होता, आणि ते वर्ष त्यामुळे आणखी लांबलं.

झाडं एका सकाळी पडली. मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि मागून आवाज येत होता, म्हणून सारखी म्यूट होत होते. दुपारी खिडकीत इतका उजेड आला की ओट्यावरचे डाग दिसायला लागले. 10 टक्क्यांच्या पट्टीतले ओक मात्र आहेत. मी मोजले, चौदा.

आता दोन इमारती छपरापर्यंत आल्या आहेत. परवा मी खरोखरच टेप घेऊन गेले. पायवाट पाच फूट दोन इंच भरली. हमरस्त्यालगत बसथांब्यासाठी काँक्रीटचा चौथरा ओतलाय, 15 बाय 20, मापाला मापात. त्यावर बाक नाही, छप्परही नाही. विचारल्यावर कळलं की अटीत जागा द्यायची होती, ती दिली. बाक कुणी आणि कधी बसवायचा ही वेगळी यादी आहे. माझ्या वाक्यात 'बाक' हा शब्दच नव्हता. टेस्टिंगमध्ये इतकी वर्षं घालवून.

चौथऱ्यावर कुणीतरी पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली आहे आणि सायकलच्या साखळीने खांबाला बांधली आहे.